जग चालवणारं फुकट सॉफ्टवेअर कोण सांभाळतं? आणि ते लोक थकले तर काय होतं?

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने एक इशारा जाहीर केला आणि जगभरच्या सायबर सुरक्षा तज्ज्ञांची सुट्टी पाण्यात गेली.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. ते डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉग-इन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढंच. दुसऱ्या कुणी 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि त्यांना सापडला एक चोरदरवाजा. तो कुणीतरी दोन-अडीच वर्षं शांतपणे तयारी करून बसवला होता, आणि वेळेत सापडला नसता तर जगातल्या असंख्य सर्व्हरमध्ये पोहोचला असता.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो लपवला होता, ते फुकट होतं, सगळ्यांसाठी खुलं होतं आणि त्याची देखभाल मुख्यतः एक माणूस, बिनपगारी करत होता.

ही गोष्ट फक्त कॉम्प्युटरवाल्यांची नाही. आपण वापरतो ते इंटरनेट कोणाच्या मेहनतीवर उभं आहे, त्या मेहनतीचे पैसे कोण देतं आणि ही रचना किती मजबूत आहे, हे प्रश्न त्यात आहेत. एकेक करून समजून घेऊ.

थोडक्यात:

• तुमच्या फोनमधल्या जवळपास प्रत्येक ॲपच्या आत ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरचे तुकडे असतात. त्यातले बरेच तुकडे एक-दोन माणसं सांभाळतात.
• या सॉफ्टवेअरची जगाला होणारी किंमत एका अभ्यासाने ८.८ लाख कोटी डॉलर काढली आहे. त्यातलं बहुतेक मूल्य मोजक्या लोकांच्या कोडमधून येतं.
• अशी जाळी योगायोगाने झालेल्या बिघाडात टिकून राहतात, पण नेमक्या जागी घाव बसला तर कोसळू शकतात, असं नेटवर्कचं गणित सांगतं.
• म्हणून देखभालीला पैसे देणं हा दानधर्म नसून सुरक्षेवरचा खर्च आहे.

नेमकं काय झालं होतं?

त्या सॉफ्टवेअरचं नाव 'एक्सझेड युटिल्स'. काम फाइल दाबून लहान करण्याचं, म्हणजे कॉम्प्रेशनचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सिस्टिममध्ये ते असतंच. आणि इंटरनेटचे बहुतांश सर्व्हर लिनक्सवरच चालतात.

फिनलंडमधला एक प्रोग्रामर ते वर्षानुवर्षं सांभाळत होता. २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी तिथे मदत करायला आलं. छोट्या-छोट्या दुरुस्त्या, नीटनेटकं काम. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि मूळ प्रोग्रामरच्या मागे लागली: अपडेट इतके उशिरा का येतात? झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्यावर त्याने जाहीरपणे लिहिलं होतं की मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आपल्याला पूर्वीइतकं काम जमत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हे लोकांनी लक्षात ठेवावं.

हळूहळू चाव्या जिया टॅनच्या हातात गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ५.६.० आणि मार्चमधली ५.६.१, या दोन आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली, त्याला बाधित सर्व्हरमध्ये बाहेरून घुसून हवी ती आज्ञा चालवता आली असती. धोका मोजायच्या पट्टीवर या प्रकाराला १० पैकी १० गुण मिळाले.

नशिबाने या आवृत्त्या तोवर लिनक्सच्या चाचणीसाठी असलेल्या आणि अगदी ताज्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचल्या होत्या. मोठ्या संस्था वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांमध्ये त्या शिरल्या नव्हत्या. जिया टॅनची खरी ओळख उघड झाली नाही. साफसफाईचं काम पुन्हा मूळ प्रोग्रामरवरच आलं. त्याने मे २०२४ च्या अखेरीस ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती दिली.

या हल्ल्यात आधी कोडमधली फट शोधली गेली नव्हती. आधी थकलेला माणूस शोधला गेला. म्हणूनच सुरक्षेच्या बातमीमागे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो.

तुमच्या फोनशी याचा काय संबंध?

फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या गाभ्यात लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये छंद म्हणून ते सुरू केलं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतला प्रत्येक कॉम्प्युटर लिनक्सवर चालतोय.

व्हॉट्सॲपचे मेसेज फोनमध्ये साठवले जातात ते 'एसक्यूलाइट' नावाच्या डेटाबेसमध्ये. तो अँड्रॉइडमध्येही असतो आणि आयफोनमध्येही. त्यावर कुणाचाही मालकी हक्क नाही, आणि तो सांभाळणारी टीम एका रिक्षात बसेल एवढी.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर हीच ओळ बघा. 'क्ष', 'र्‍या', 'द्ध' अशी जोडाक्षरं स्क्रीनवर आपोआप नीट जुळत नाहीत. कोणतं अक्षर कुठे वळवायचं, काना-मात्रा कुठे बसवायची, हे कुणालातरी ठरवावं लागतं. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम 'हार्फबझ' नावाचं खुलं सॉफ्टवेअर करतं. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. देवनागरी, अरबी, तमिळ, बंगाली या लिपींत टाइप करणाऱ्या कोट्यवधी लोकांचं वाचन-लेखन त्याच्यावर अवलंबून आहे. आपल्यापैकी फार थोड्यांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं.

'ओपन सोर्स' म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचू शकतो, वापरू शकतो, बदलू शकतो आणि पुढे देऊ शकतो असं सॉफ्टवेअर. असा प्रकल्प सांभाळणाऱ्याला 'मेंटेनर' म्हणतात. कुणी पाठवलेला बदल घ्यायचा की नाही, चूक दुरुस्त करायची कशी, नवी आवृत्ती कधी काढायची, हे तो ठरवतो. नवा कोड लिहिणं हे यातलं मजेचं काम. देखभाल हे रोजचं, न संपणारं, कुणाला न दिसणारं काम.

लोक फुकट काम का करतात?

अर्थशास्त्राला हा प्रश्न बराच काळ छळत होता. १९३७ मध्ये रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला होता: बाजारात सगळं विकत मिळतं, तर कंपन्या कशाला असतात? त्याचं उत्तर असं की प्रत्येक कामासाठी माणूस शोधणं, भाव ठरवणं, करार करणं यालाही खर्च येतो. हा खर्च जास्त असेल तेव्हा माणसं पगारावर ठेवणं, म्हणजेच कंपनी काढणं, स्वस्त पडतं. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे काम करून घ्यायचे दोन मार्ग: बाजार किंवा कंपनी. मग लिनक्स कुठल्या खान्यात बसवायचं? तिथे ना भाव होता, ना साहेब.

२००२ मध्ये योखाय बेंकलर या कायद्याच्या प्राध्यापकाने यावर लेख लिहिला आणि तिसरा मार्ग मांडला: सामूहिक निर्मिती. इंटरनेटमुळे माणसं जोडण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला. त्यामुळे काम नेमून देणारा कुणी नसला तरी ज्याला जे जमतं, आवडतं, ते तो उचलतो. पण हे सगळ्याच कामांना लागू होत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, कामाचे स्वतंत्र तुकडे पडले पाहिजेत. दोन, त्यातले काही तुकडे अगदी छोटे हवेत, म्हणजे दहा मिनिटं असलेल्या माणसालाही हातभार लावता येईल. तीन, ते तुकडे पुन्हा जोडणं स्वस्त हवं.

विकिपीडिया याचं उत्तम उदाहरण. त्याच्या आधी त्याच मंडळींनी 'न्यूपीडिया' नावाचा ज्ञानकोश काढला होता. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि तपासणीचे सात टप्पे पार करायचे. पहिल्या वर्षात जेमतेम २१ लेख तयार झाले. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला. तिथे कुणीही यावं आणि एक स्वल्पविराम जरी दुरुस्त केला तरी चालेल. वर्षभरात सुमारे २० हजार लेख जमले. काम तेच, फक्त तुकडा लहान केला.

'लोक फुकट काम करतात' हेही अर्धंच खरं. लिनक्सच्या गाभ्यातला बराचसा कोड आज मोठ्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर लिहितात, कारण त्या कंपन्यांचा धंदा त्यावर चालतो. कुणी शिकायला येतं, कुणी नाव कमवायला, कुणी स्वतःची अडचण सोडवायला. पण बेंकलर यांच्या तिसऱ्या अटीत एक मेख आहे. तुकडे जोडणं स्वस्त असलं तरी फुकट नसतं. ते जोडणारा, तपासणारा, नको त्याला नाही म्हणणारा माणूस लागतोच. तोच मेंटेनर.

फुकट वस्तूची किंमत काढायची कशी?

जीडीपीत साधारणपणे ज्याला भाव आहे ते मोजलं जातं. फुकट सॉफ्टवेअरला भाव नाही, म्हणून त्याचं बरंचसं मूल्य हिशेबात दिसतच नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४ च्या एका अभ्यासात मानुएल हॉफमन, फ्रँक नेगल आणि यानुओ झोउ यांनी हा हिशेब दोन बाजूंनी मांडला. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आज एकदा नव्याने लिहायचं ठरवलं तर किती खर्च येईल? सुमारे ४१५ कोटी डॉलर. आणि ते अस्तित्वातच नसतं, वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला ते स्वतः लिहून घ्यावं लागलं असतं तर? ८.८ लाख कोटी डॉलर. ओपन सोर्स नसतं तर कंपन्यांना सॉफ्टवेअरवर आजच्या साडेतीन पट खर्च करावा लागला असता, असा त्यांचा अंदाज आहे.

दोन आकड्यांमधली दरी एवढी मोठी का? कारण कोड पोळीसारखा नसतो. एकाने पोळी खाल्ली की ती दुसऱ्याला मिळत नाही. कोड मात्र एकदा लिहिला की लाखो जण वापरू शकतात आणि तो कणभरही कमी होत नाही. सगळी जादू इथे आहे. आणि सगळी अडचणही, कारण लाखातल्या प्रत्येकाला वाटतं की पैसे दुसरा कुणीतरी देईल.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या ८.८ लाख कोटींमधलं ९६ टक्के मूल्य फक्त ५ टक्के डेव्हलपरांच्या कामातून येतं. 'हजारो हात लागले की डोंगर हलतो' हे ऐकायला छान वाटतं. पण जास्त ओझं काही मोजकेच हात उचलत असतात.

ओझं मोजक्यांवरच का येतं? मॉडेल काय सांगतं?

हा कुणाचा कट नाही. अशी जाळी वाढतातच तशी. ते समजून घ्यायला १९९९ मधलं एक मॉडेल उपयोगी पडतं. आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका अल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी ते 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. मॉडेल इतकं सोपं आहे की कागदावर करून बघता येतं.

कागदावर दोन-तीन ठिपके काढा आणि ते रेघांनी जोडा. आता दर वेळी एक नवा ठिपका आणा आणि तो जुन्यांपैकी दोघांना जोडा. नियम एकच: ज्या ठिपक्याला आधीच जास्त रेघा आहेत, तो निवडला जाण्याची शक्यता तेवढी जास्त. एखाद्याला १० रेघा आणि दुसऱ्याला १ असेल, तर पहिला निवडला जाण्याची शक्यता दहापट.

अनोळखी गावात आपण वडापाव खायला ज्या गाडीवर गर्दी असते तिथेच जातो ना, तसंच हे. आपण गेल्याने गर्दी आणखी वाढते.

हे हजारो वेळा करत राहिलात की दिसेल, बहुतेक ठिपक्यांना दोन-चार रेघा आणि काही मोजक्या ठिपक्यांना शेकडो. सुरुवातीला सगळे जवळपास सारखे होते. कुणी ठरवलं नाही, कुणी नियोजन केलं नाही. छोट्या नियमातून एक मोठी, विषम रचना तयार झाली. अभ्यासक अशा व्यवस्थेला 'कॉम्प्लेक्स सिस्टिम' म्हणतात. तिचा एकेक भाग सुटा करून पाहिला तर सगळं साधं दिसतं, भाग एकत्र आले की वेगळंच काही घडतं.

सॉफ्टवेअरमध्येही नवा डेव्हलपर हेच करतो. त्याला तारीख दाखवायची असते किंवा फाइल लहान करायची असते. तो स्वतः लिहीत बसत नाही. सगळे जी तयार लायब्ररी वापरतात, तीच घेतो. त्यात चूक काहीच नाही, उलट शहाणपण आहे. पण त्या लायब्ररीवर आणखी एक भार चढतो. शिवाय ती लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीवर टेकलेली असते, ती तिसरीवर.

जावास्क्रिप्टच्या जगात 'एनपीएम' नावाचं तयार कोडचं मोठं कोठार आहे. २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं की तिथून सरासरी एक पॅकेज घेतलं की तुम्ही नकळत इतरांच्या ७९ पॅकेजवर आणि ३९ मेंटेनरांवर विश्वास टाकता. या ३९ पैकी एकाचीही आपल्याला ओळख नसते.

अपघात सोसतं, घाव नाही

२००० मध्ये रेका अल्बर्ट, हावोंग जोंग आणि बाराबाशी यांनी 'नेचर'मध्ये पुढचा प्रश्न विचारला. अशा जाळ्यातले ठिपके एकेक करून काढून टाकले तर काय होईल?

उत्तर दोन भागांत आलं. ठिपके कसेही, चिठ्ठ्या टाकून काढले तर जाळं बराच वेळ टिकतं. कारण चिठ्ठी बहुधा दोन रेघांच्या साध्या ठिपक्याचीच निघते. पण सगळ्यात जास्त रेघांचे ठिपके मुद्दाम वेचून काढले तर जाळ्याचे पटकन तुकडे होतात. मुंबई लोकलचा विचार करा. एखाद्या छोट्या स्टेशनवर गाड्या थांबल्या नाहीत तर तिथल्या लोकांची गैरसोय होते. दादर ठप्प झालं तर मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरचे लोक अडकतात.

सॉफ्टवेअरच्या जगाने याचे नमुने पाहिले आहेत.

मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने नावाच्या वादातून एनपीएमवरची आपली २५० हून जास्त पॅकेज काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं. अवघ्या ११ ओळींचा कोड, काम शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायचं. पण हजारो प्रकल्प थेट किंवा आडून त्याच्यावर टेकलेले होते. ते धडाधड अडले. शेवटी काही तासांत एनपीएमने तो कोड स्वतःहून परत आणला.

त्याआधी एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' उघडकीला आलं. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं, त्यामागे अनेकदा 'ओपन एसएसएल' हे सॉफ्टवेअर असतं. त्यात २०११ च्या अखेरीस शिरलेली एक चूक दोन वर्षांहून जास्त काळ कुणालाच दिसली नव्हती. तिच्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्डही बाहेर येऊ शकत होते. त्या वेळी या प्रकल्पाला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. 'कोड खुला आहे, म्हणजे कुणीतरी तो वाचतच असेल' हा समज तिथे उघडा पडला.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या लायब्ररीतल्या चुकीने जगभर धावपळ झाली. तिथेही देखभाल स्वयंसेवकांकडेच होती.

एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्यक्षातलं प्रत्येक जाळं बाराबाशींच्या मॉडेलबरहुकूम असतं असं नाही. २०१९ मध्ये ॲना ब्रोइडो आणि ॲरन क्लॉसेट यांनी जवळपास हजार खरी नेटवर्क तपासली. त्या मॉडेलच्या काटेकोर गणितात बसणारी त्यांना फारच थोडी आढळली. मॉडेल नकाशासारखं असतं. नकाशात खड्डे दिसत नाहीत, रस्ता कुठे जातो ते कळतं. ओझं मोजक्या ठिकाणी साठतं आणि तिथेच घाव बसू शकतो, ही दिशा मात्र एक्सझेडच्या प्रकरणातही दिसली. फरक एवढाच की इथे सगळ्यात जास्त भार असलेला ठिपका म्हणजे एक माणूस होता.

गायरान आणि पाटकरी

सामायिक गोष्टीचं पुढे काय होतं यावर अर्थशास्त्रात जुना वाद आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी गायरानाचं उदाहरण दिलं. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येकजण आपलं आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होतं. यावर उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी अंकुश, असा समज पुढे बरीच वर्षं राहिला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तो मोडला. स्वित्झर्लंडची डोंगरी कुरणं, जपानमधली गावकीची रानं, स्पेन आणि फिलिपिन्समधले सिंचनाचे पाट यांचा अभ्यास करून १९९० च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की लोक स्वतः नियम करून सामायिक साधनं शतकानुशतकं टिकवू शकतात. कोण वापरणार, किती वापरणार, लक्ष कोण ठेवणार, नियम मोडल्यास काय, हे स्पष्ट असावं लागतं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

धुळे-नाशिक भागातली फड सिंचन पद्धत याच जातीची. नदीवर बंधारा, शेतांचे फड, आणि पाणी कुणाला कधी ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असायचा, आणि त्याचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे.

सॉफ्टवेअरचं गायरान थोडं वेगळं आहे. इथे गवत संपत नाही. कितीही जणांनी कोड वापरला तरी तो तेवढाच राहतो. संपतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ आणि उत्साह. वापरणारे दहापट झाले की तक्रारी, विनंत्या, शंका, धमक्या वाढतात, दिवस मात्र २४ तासांचाच राहतो. २०१६ मध्ये नादिया एगबाल यांनी फोर्ड फाउंडेशनसाठी लिहिलेल्या अहवालात या सॉफ्टवेअरची तुलना रस्ते आणि पुलांशी केली होती. सगळे त्यावरून जातात, डागडुजीचा विषय पूल खचल्यावर निघतो. आपल्या डिजिटल फडात पाणी भरपूर आहे. पाटकऱ्याला धान्य कुणी द्यायचं, ते ठरलेलं नाही.

एआयमुळे काय बदलतंय?

एआय मॉडेल शिकली ती बऱ्याच अंशी याच सामायिक ज्ञानावर: विकिपीडियाचे लेख, खुला कोड, प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरं. आता लोक प्रश्न थेट चॅटबॉटला विचारतात. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरांच्या साइटवर चॅटजीपीटी आल्यानंतर सहा महिन्यांत, तुलनेसाठी घेतलेल्या रशियन आणि चिनी साइट्सच्या मानाने, २५ टक्के घट दिसल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. चॅटबॉटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फक्त विचारणाऱ्याला मिळतं. साइटवरचं उत्तर पुढच्या हजार जणांना मिळायचं.

दुसरीकडे खर्च वाढतोय. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की फोटो-व्हिडिओ डाउनलोडसाठी लागणारी बँडविड्थ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढली आहे. ही वाढ वाचकांमुळे कमी आणि एआयसाठी मजकूर उचलणाऱ्या बॉटमुळे जास्त आहे. गायरानात नवी, प्रचंड भूक असलेली जनावरं आली आहेत.

मग पैसे कोण देतंय?

थोडे प्रयत्न सुरू आहेत.

• कंपन्या: हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने पुढाकार घेतला आणि गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी निधी दिला. एसक्यूलाइटचा मार्ग वेगळा आहे. सॉफ्टवेअर फुकट, पण ज्या कंपन्यांचं काम त्यावर अडतं त्या सभासद होऊन नियमित पैसे देतात. टीम लहान असली तरी तिला पगार आहे.
• सरकार: जर्मनीने २०२२ मध्ये 'सॉव्हरिन टेक फंड' सुरू केला. रस्त्यांना देतात तसा सरकारी पैसा डिजिटल पायाभूत कामाला.
• भारत: बेंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'फ्लॉस फंड' जाहीर केला. जगभरच्या खुल्या प्रकल्पांना वर्षाला एकूण १० लाख डॉलर देण्याची ही योजना आहे. ज्याच्यावर धंदा उभा आहे त्याची परतफेड, ही त्यामागची भूमिका.
• कायदा: युरोपियन युनियनचा सायबर रेझिलिअन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. वस्तू विकून पैसे कमावणाऱ्या कंपनीने आतल्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यायची, मग ते कुठूनही उचललेलं असो. बिनपगारी स्वयंसेवकावर ती ढकलता येणार नाही.

पैसा हेच एकमेव औषध नाही. थकलेल्या मेंटेनरला कधी पैशांपेक्षा भरवशाचा दुसरा माणूस हवा असतो. एक्सझेडने तर शिकवलं की मदतीला येणाऱ्यालाही पारखावं लागतं. पण पारखायलाही वेळ लागतो. आणि वेळ तोच देऊ शकतो, ज्याचं घर दुसऱ्या कशावर चालत असेल किंवा ज्याला याचा मोबदला मिळत असेल.

आपण काय करू शकतो?

कोड येत नसला तरी बरंच काही.

मराठी विकिपीडियावर एखाद्या लेखातली चुकीची तारीख दुरुस्त करा. तुमच्या गावाचा, तालुक्याचा लेख उघडून बघा. बऱ्याच लेखांत दोन-तीन ओळींपलीकडे काही नसतं.

खुल्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराला हात लावा. एखाद्या ॲपमधली चार बटणं नीट मराठीत आणणं हाही बेंकलर यांचा 'छोटा तुकडा'च आहे.

काही बिघडलं तर चिडून एक स्टार देण्याऐवजी काय केल्यावर काय झालं ते नीट लिहून कळवा. अर्धा सेकंद जास्त लागतोय, हेसुद्धा कामाचं असू शकतं.

आणि तुम्ही एखाद्या कंपनीत, स्टार्टअपमध्ये किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात असाल, तर एक प्रश्न विचारा: आपलं काम कुठल्या दहा खुल्या प्रकल्पांवर चालतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला किती माणसं सांभाळतात? ही यादी करायला एक दुपार पुरते. ज्या नावापुढे '१' हा आकडा येईल, तिथून सुरुवात करा.